ओल कुठे जाते?

फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावून बसायचं. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला तर दगडाला काही लावायची गरज नाही. पसरला आणि त्याखालची जागा काळपट झाली, तर दगड पाणी पितोय. मग सीलर लावायचा की नाही, लावायचा तर कोणता, याचा विचार सुरू करायचा. नैसर्गिक दगडाची फरशी असलेल्या कुठल्याही घरात ही परीक्षा करता येते आणि तिला एक रुपया लागत नाही. मीही केली. पण फरशीला जे काही करायचं ते सगळं करून झाल्यावर, आठ महिने उशिरा.

आमचं घर बेगमपुऱ्यात. गच्चीवर गेलं की बीबी का मकबऱ्याचा घुमट दिसतो, आणि खाम नदी इतकी जवळ की पावसाळ्यात तिचा वास घरात येतो. आजोबांनी घर बांधलं तेव्हा खाली मुरूम चोपला, त्यावर चुना, आणि त्यावर शहाबादी फरशी बसवली. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. ते गाव आणि आमचं शहर, दोन्ही एकेकाळी निजामाच्या राज्यात होती. पुढे राज्यं वेगळी झाली, पण मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या पायाखाली अजून तिकडचाच दगड आहे.

हा दगड म्हणजे चुनखडी. दिसायला कडक, पण आतून सच्छिद्र. आमच्या फरशीला कुणी कधी काही लावलं नव्हतं. रोज पुसणं आणि पायांचं घासणं, एवढ्यावरच तिला एक मंद तुकतुकी आली होती. गॅसजवळच्या दोन फरशांवर तेलाचा मोठा डाग होता, आणि मोरीच्या तोंडाशी पाणी सांडून सांडून कड झिजली होती. यात विशेष काही नाही. चाळीस वर्षं माणसं जिथे राहतात तिथे हे होतंच.

गेल्या वर्षी भावाचं लग्न ठरलं आणि मला ते सगळं दिसायला लागलं. खरं तर रील्समुळे दिसायला लागलं. डावीकडे कळकट फरशी, उजवीकडे आरशासारखी, मधून सरकणारी रेघ. दहा सेकंदांत घर बदलतं. आईला दाखवलं. तिनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "आपल्या फरशीला काय झालंय? पुसली की स्वच्छ असते."

मला वाटलं, तिला कळत नाही.

दुकानात सल्ला मिळाला, काम करणारा माणूस मिळाला. त्यानं आधी फरशी ॲसिडनं धुतली. ॲसिड पडल्या पडल्या फरशी फसफसायला लागली आणि वर पांढरा फेस आला. मी दारात उभी राहून समाधानानं बघत होते, की केवढी घाण निघतेय. घाण निघत नव्हती. चुनखडीवर ॲसिड पडलं की तो दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फसफस त्याची. चाळीस वर्षांची तुकतुकी माझ्या डोळ्यांसमोर फेस होऊन मोरीत गेली. हे दहावीच्या विज्ञानात आहे, मी ते शिकलेय, त्यात मला चांगले मार्क होते.

मग दोन हात पारदर्शक ॲक्रिलिकचा थर. फरशी कायम ओली असल्यासारखी दिसते म्हणून त्याला 'वेट लुक' म्हणतात. लग्नातले फोटो फार छान आले. तीन महिने मी त्या फरशीच्या प्रेमात होते.

सीलर म्हणजे एकच वस्तू नाही, हे मला त्यानंतर कळलं. ढोबळमानानं दोन जाती. एक दगडावर बसतो. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन वगैरे. तो दगडावर पातळ पापुद्रा तयार करतो, चमक देतो, चरे पडतात ते त्याच्यावर पडतात, आणि काही वर्षांनी पिवळा पडतो किंवा सुटतो. दुसरा दगडात जिरतो. सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लुओरीन असलेल्या पॉलिमरचे असतात हे. छिद्रं बुजवत नाहीत, छिद्रांच्या आतल्या भिंतींना असं अस्तर लावतात की पाणी किंवा तेल चटकन आत शिरत नाही, पण वाफ बाहेर पडू शकते. हा लावला तरी फरशी जवळपास पूर्वीसारखीच दिसते. म्हणूनच रीलमध्ये तो तुम्हाला दिसणार नाही. आणि दोन्हींपैकी कुठलाही सीलर लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरपासून चुनखडीला फारसं वाचवत नाही. डाग आत जायला वेळ लागतो, एवढंच. तेवढ्या वेळात उठून पुसायचं असतं. म्हणजे पुसणं कुणाला चुकलेलं नाही.

जुलैत फरशीच्या आत ढग आले. खरंच ढगासारखे, पांढुरके, थराच्या खाली अडकलेले. नखानं खरवडले तर वरचा पापुद्रा निघायचा आणि खाली मिठासारखी पूड असायची. लोणा. जमिनीतली ओल दगडातून वर येते, बरोबर विरघळलेले क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आमच्या घराखाली ओल रोखणारं काहीच नाही, त्या काळी तसं करायची पद्धत नव्हती. मग चाळीस वर्षं ती ओल जायची कुठे? फरशीतून आणि फरशीच्या सांध्यांतून, रोज थोडी थोडी, हवेत. फरशी ते काम करत होती हे आम्हाला माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या खालांनी हाक मारली. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. मी जन्मले तेव्हापासून त्या तिथे आहेत, ब्लाउज शिवतात, आमच्या घरातले निम्मे ब्लाउज त्यांनीच शिवलेत.

"बेटा, जरा इधर आके देखो. दीवार फूल री."

गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत त्यांच्या बाजूचा गिलावा फुगला होता. हात लावला की पोपडे पडत होते. त्यांचं शिलाई मशीन त्या भिंतीला लागून असायचं, कारण उजेड तिथेच येतो. आता ते आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलं होतं आणि दिवसा बल्ब लावून त्या शिवत होत्या. ग्राहकांच्या कपड्यांना ओलीचा वास लागू नये म्हणून गाठोडी खाटेवर.

"पानी तो हर साल आता," त्या म्हणाल्या. "ऐसा कभी नहीं हुआ."

त्यांना माझ्या फरशीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. फरशीला आम्ही काय लावलं होतं ते त्यांना माहीतही नव्हतं. त्या फक्त एक भिंत दाखवत होत्या.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दोन्ही घरांतून भिंत बघितली, बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "ओल खालून येतीच ताई. वर यायला जागा नसली की बाजूला जाती." आमच्या बाजूनं भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि कमरेपर्यंत ऑइल पेंट. खालांच्या बाजूनं जुना चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी. आमच्याकडची फरशी बंद, भिंत बंद. जी बाजू अजून श्वास घेत होती तिच्यातून ओल बाहेर आली.

पण मिस्त्री हेही म्हणाले की खालांच्या मोरीचा पाइप गळतोय. आणि पाऊसही त्या वर्षी खूप झाला होता. तीन कारणं. प्रत्येकाचा वाटा किती, हे कुणीही सांगू शकत नव्हतं.

बाबांनी हे ऐकलं आणि रात्री जेवताना म्हणाले, "आपण काही बोलायचं नाही. त्यांचा पाइप दोन वर्षं गळतोय. तू मान्य केलंस की सगळी भिंत आपल्या गळ्यात येईल."

बाबा वाईट माणूस नाहीत. खालांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्री तेच बसले होते. ते जे म्हणत होते ते न्यायालयात टिकलं असतं. सिद्ध झालेलं नाही तोपर्यंत दोष नाही. प्रश्न असा होता की हा नियम मी खालांच्या भिंतीला लावायचा का.

याच्या उत्तरासाठी मी मुद्दाम कुठे गेले नव्हते. सप्टेंबरात पुण्याहून मैत्रिणी आल्या, त्यांना अजिंठा बघायचा होता. शहरापासून शंभरेक किलोमीटर. लहानपणापासून पाच-सहा वेळा गेलेय, दरवेळी गाइड टॉर्च मारतो, आपण 'वा' म्हणतो. या वेळी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाइड सहज म्हणाला, "इथं पूर्वी रोगण लावलं होतं, त्यानं रंग पिवळे पडले." मी तिथेच थांबले. परत आल्यावर जे मिळेल ते वाचलं.

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. बेसॉल्टचा कातळ टाचून खडबडीत ठेवला, त्यावर मातीचा गिलावा चढवला. त्या मातीत वनस्पतींचे तंतू, भाताची तुसं, दगडाची भुकटी. त्यावर पातळ पांढरा हात आणि मग रंग. लाल-पिवळी काव, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. म्हणजे पद्मपाणीचा चेहरा मातीच्या भिंतीवर आहे, आपल्या आज्यांच्या घरांच्या भिंती असायच्या तशाच एका भिंतीवर. पंधराशे वर्षं ती टिकली.

1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. 1844 पासून रॉबर्ट गिलनं चित्रांच्या नकला करायला घेतल्या. 1872 पासून मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा करत होते. चित्रं धुरकट, अंधारात, नीट दिसेनात. मग रोगणाचा हात मारला की रंग खुलायचे, नक्कल करता यायची. ओल्या फरशीवर रंग खुलतात ना, तसंच. म्हणजे 'वेट लुक'ची हौस माझ्याआधी दीडशे वर्षांची आहे. गिलच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या गटाच्या बऱ्याच नकला 1885 साली लंडनलाच जळाल्या. नकला गेल्या आणि रोगण भिंतीवर राहिलं.

पुढची गोष्ट मला जास्त अवघड वाटते, कारण तिच्यात उतावळेपणा नाही. निजाम सरकारचं पुरातत्त्व खातं गुलाम याझदानींच्या हाताखाली होतं, आणि त्यांनी अजिंठ्यासाठी जे जे उत्तम ते करायचं ठरवलं. 1920 ते 1922 या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं गेलं. भित्तिचित्रांच्या जतनात तेव्हा इटलीच्या पुढे कोण होतं? त्यांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवला. तो पडला असता तर आज आपण कशावर टॉर्च मारला असता कुणास ठाऊक. आणि त्याच हातांनी, रंग पक्के राहावेत म्हणून, त्यांनी चित्रांवर शेलॅक लावलं.

शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची. स्पिरिटमध्ये विरघळवली की झालं फ्रेंच पॉलिश. यात एक शहाणपणही होतं. उद्या नको वाटली तर स्पिरिटनं काढता येईल अशी ती वस्तू. पण लाख जुनी होते तशी कडक होते आणि स्पिरिटला दाद देईनाशी होते. पिवळी, मग तपकिरी पडते. धूळ आणि काजळी धरून ठेवते. ज्यानं ती लावली त्यानं परतीची वाट ठेवली होती, पण ती वाट वर्षागणिक बुजत गेली. नंतरच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवण्यात बराच काळ घालवावा लागला. इंच इंच.

आपल्या पिढीला 'अन्डू'ची सवय आहे. फोटो एडिट केला, आवडला नाही, मागे घेतला. म्हणून एखादी गोष्ट करताना 'नंतर काढता येईल' हे वाक्य आपल्याला पुरेसं वाटतं. मलाही दुकानात तेच सांगितलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं. काढता येईल, पण किती दिवसांपर्यंत? कोण काढणार? काढताना दगडाचं काय होणार? हे प्रश्न मी विचारले नव्हते. चेक्कोनींनी कदाचित विचारले असतील. त्यांच्या काळात जे माहीत होतं त्यावर त्यांनी निर्णय घेतला, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. माझ्या वेळी मात्र माहिती खिशात होती. मी फक्त रील्स बघितली.

मला आतून टोचलं ते एवढंच नाही. चेक्कोनींची चूक कुणी सिद्ध केली? पुढच्या माणसांनी, ज्यांना ती निस्तरावी लागली त्यांनी. चुकीची शंका आली तेव्हा 'आधी सिद्ध करा' म्हणणं सोपं असतं, पण सिद्ध करायचं काम नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्याच्यावरच येतं. खालांनी काय सिद्ध करायचं होतं? त्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही. त्यांच्याकडे एक फुगलेली भिंत होती आणि 'हर साल आता, ऐसा कभी नहीं हुआ' एवढी एक तुलना. तीसुद्धा काही कमी पुरावा नाही. जे वर्षानुवर्षं तसंच होतं, त्यात या वर्षी कोणी काय बदललं? पाइप दोन वर्षं गळत होता. पाऊस याआधीही जोरात झालाय. नवीन होती ती माझी फरशी.

म्हणून मला असं वाटायला लागलं की जो बदल करतो, सिद्ध करायचं ओझं त्यानं उचलावं. माझ्या थरानं काही झालं नाही हे दाखवायची जबाबदारी माझी. दाखवता येत नसेल तर मी तो काढावा आणि बघावं. हे तत्त्व सगळीकडे लागू करता येईल असं मी म्हणत नाही. असं म्हटलं तर कुणी काही नवीन करणारच नाही. पण ज्याच्या पलीकडे दुसऱ्याचं घर आहे अशा भिंतीपुरतं तरी.

पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला वज्रलेप द्यावा की नाही, यावर दर काही वर्षांनी वाद होतो. हातांच्या आणि माथ्यांच्या स्पर्शानं पाय झिजतात, अभिषेकांनी झीज होते, म्हणून लेप. तो रासायनिक असावा का, त्यानं मूर्तीचं रूप बदलतं का, यावर वारकरी, बडवे, तज्ज्ञ, समिती, वर्तमानपत्रं सगळे भांडतात. पूर्वी मला याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, तिथे निदान लेप लावण्याआधी भांडतात. मी कुणाशी भांडलेच नाही. आईनं एक वाक्य म्हटलं, ते मी म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. आणि खालांना विचारायचं डोक्यातही आलं नाही, कारण फरशी 'आमची' होती.

इथे कुणीतरी म्हणेल की मग जुनंच बरं होतं. शेणानं सारवायचं, चुन्यानं सफेदी करायची. मीही तशी वाहवत चालले होते. मकबऱ्याकडेच बघा. संगमरवर घुमटाला आणि खाली कमरेएवढ्या पट्टीला, बाकी बराच भाग बेसॉल्टवर चुन्याचा गिलावा. हा गिलावा स्वतः झिजतो, काळा पडतो, पोपडे धरतो, आणि आतला दगड वाचवतो. काही वर्षांनी पुन्हा करायचा. वेरुळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालं. पुरातत्त्व खात्याचे मॅनेजर सिंग आणि आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई यांचं ते संशोधन. त्या तंतूंमुळे गिलावा ओल घेतो आणि सोडतो, कीडही कमी लागते, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा फॉरवर्ड लिहायचा मोह होतो.

पण माझी आजी वैजापूरकडच्या एका गावात दर आठवड्याला घर सारवायची. ओणवं बसून, उलट पावलांनी मागे सरकत, सणाच्या आधी तर भिंतींसकट. साठीनंतर तिची कंबर सरळ झाली नाही. सारवण श्वास घेतं, ते खरं. ते सारवणाऱ्या बाईला श्वास घ्यायला उसंत देत नाही, हेही खरं. पुन्हा पुन्हा करत राहण्याचं कौतुक बहुधा ते न करणारी माणसं करतात. एकदाच काहीतरी लावावं आणि कायमची सुटका व्हावी, या इच्छेत सगळाच दिखावा नसतो. आईनं फरशी बसवली तेव्हा तिनंही हेच म्हटलं असेल, की सुटले बाई सारवणातून. मी तिच्या एक पाऊल पुढे गेले, मला पुसण्यातून सुटायचं होतं.

तरी फरक आहे, आणि तो मला बराच उशिरा दिसला. आजीचे श्रम आईच्या फरशीनं वाचवले ते दुसऱ्या कुणाच्या घरात ढकलून नाही. माझे श्रम वाचले ते खालांच्या भिंतीत गेले.

मी त्यांना सांगितलं. चांगले शब्द सुचले नाहीत. फरशीला प्लास्टिकसारखं काहीतरी लावलंय, त्यानं ओल अडली, ती कदाचित तुमच्याकडे आली, असं काहीबाही. मी मनात माफीचं एक लांब भाषण केलं होतं, ते अर्धवटच राहिलं. त्यांनी सुई दातात धरून ऐकलं.

"तो अब क्या करना?"

एवढंच. मग पाइपचं निघालं. तो त्या दुरुस्त करणार, थर मी काढणार, भिंतीचा गिलावा निम्मा-निम्मा. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाइपसाठी प्लंबर त्यांनीच आणला.

थर काढायला अकरा दिवस लागले. ॲसिड अजिबात नाही. स्ट्रिपरची जेल लावायची, थांबायचं, मऊ झालेला पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीनं उचलायचा, फडक्यानं पुसायचं, साध्या पाण्यानं धुवायचं. हातमोजे, उघड्या खिडक्या, डोकं दुखतंय तरी. सांध्यांमधला थर टूथब्रशनं. आजीसारखं ओणवं बसून, मागे मागे सरकत. चौथ्या दिवशी आई येऊन शेजारी बसली आणि दुसरी पट्टी उचलली. तिला मी नको म्हटलं, ती ऐकली नाही. काहीच बोलली नाही, टोमणाही नाही. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

निघाली ती पूर्वीची फरशी नव्हती. फिकट, खरबरीत, ॲसिडनं खाल्लेली. गॅसजवळचा तेलाचा डाग मात्र तसाच आहे. सगळ्यातून तो टिकला.

गॅसपुरत्या सहा फरशांना सीलर लावायचा माझा विचार अजून आहे, कारण फोडणी उडते आणि पुसणारी शेवटी आईच असते. या वेळी जिरणारा, वाफ सोडणारा. बाटली आणलीय. आधी कपाटाखालच्या एका फरशीवर लावून बघितला. पातळ हात, दहा मिनिटं थांबून जास्तीचा सगळा पुसून घेतला, नाहीतर वर धुरकट चट्टे वाळतात. दोन दिवस त्यावर पाणी पडू दिलं नाही. ठीक दिसतेय. पण फरशी खालून ओली असताना उरलेल्यांना लावायचा नाही, हे बाटलीवरच लिहिलंय, आणि या वेळी मी बाटली वाचलीय.

ओली आहे का, हे बघायचीही एक परीक्षा आहे. थेंब वरून टाकायचा नाही, खालून येतो का ते बघायचं. प्लास्टिकची पिशवी कापून हातभर तुकडा फरशीवर पसरायचा, चारी कडांना चिकटपट्टी लावायची आणि रात्रभर सोडायचा. एक तुकडा आमच्या हॉलमध्ये, एक खालांच्या खोलीत भिंतीलगत. दर रविवारी सकाळी मी दोन्हींचे फोटो काढते.

आज आमच्याकडच्या पिशवीखाली थेंब होते, मागच्या रविवारपेक्षा कमी. खालांच्याकडे अजून पिशवी पांढरी होते. भिंत खरवडून ठेवलीय, मशीन अंधारातच आहे. मिस्त्रींनी चुन्याचा गिलावा मार्चवर टाकलाय, तोवर वाळू द्या म्हणाले. दिवसा बल्ब लागतो त्याचं बिल मी देईन म्हटलं तर खाला हसल्या, आणि मग आकडा सांगितला.